ट्रिम प्रत्येक वेळी की आठवड्यातून एकदा?

प्रश्न : लिनक्सवर एसएसडी माउंट करताना ‘डिस्कार्ड’ हा पर्याय द्यावा, की अधूनमधून ट्रिम चालवणे पुरेसे आहे? ट्रिमविना ड्राइव्ह लवकर निकामी होतो का?

उत्तर : फाइल पुसली की फाइल सिस्टीम ती जागा फक्त आपल्या नोंदीत मोकळी दाखवते, ड्राइव्हच्या कंट्रोलरला (आतल्या नियंत्रक चिपला) ते कळत नाही, आणि फ्लॅश मेमरी मोठ्या ब्लॉकनेच पुसता येत असल्यामुळे कंट्रोलर निरुपयोगी झालेला डेटाही इकडून तिकडे हलवत बसतो. ट्रिम म्हणजे कोणती जागा मोकळी झाली, हे ड्राइव्हला कळवणारी सूचना; तिच्यामुळे हे वायफळ लेखन टळते, वेग टिकतो आणि झीज कमी होते. मात्र ट्रिमविना ड्राइव्ह लगेच बिघडतो, ही भीती अनाठायी आहे.

नेहमीच्या वापरासाठी ‘एफएसट्रिम’चा (सगळ्या मोकळ्या जागेसाठी एकदम ट्रिम चालवणाऱ्या आदेशाचा) साप्ताहिक टायमरच मी सुचवेन, कारण ‘डिस्कार्ड’मुळे फाइली पुसल्या जातील तशी सूचना जात राहते आणि काही जुने ड्राइव्ह त्यामुळे अडखळतात. (काही मॉडेलांचे फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हमधले अंगभूत सॉफ्टवेअर, इतके सदोष निघाले, की रांगेतून पाठवले जाणारे ट्रिम त्यांच्यापुरते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच बंद करावे लागले.) लक्सने (लिनक्सवरील डिस्क कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने) कूटबद्ध केलेल्या पार्टिशनवर ट्रिम सहसा आपोआप सुरू नसते; ते सुरू केल्यास कोणती जागा रिकामी आहे, हे बाहेरच्याला ओळखता येऊ शकते. ट्रिमनंतर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे टायमर सुरू करण्यापूर्वी बॅकअप तपासून घ्यावा.