ग्रुपात साठ जण, डीएम एकच

प्रश्न : दारव्हा-दिग्रस-पुसद भागात रोल-प्लेइंग गेम (एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायची) खेळणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मेंबर साठ, पण डिस्कॉर्ड या बोलण्याच्या अ‍ॅपवर खेळायला चार डोकी जमत नाहीत. ग्रुप वाढवायचा कसा? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : सध्या एकही मेंबर वाढवू नका. एका टेबलाला, म्हणजे एका खेळाला, डीएम (डंजन मास्टर, गोष्ट रचून खेळ चालवणारा) धरून पाच-सहा जण पुरतात. तुमच्याकडे दहा टेबलांची माणसं आहेत आणि डीएम बहुधा एकच. त्याच्या वावरात कापूस फुटला की ग्रुप थंड पडतो. वाढवायचे आहेत ते डीएम.

आधी बोलावण्याची पद्धत बदला. ‘कोण कोण खेळणार?’ असं विचारलं की अंगठे भरपूर येतात, माणूस येत नाही. त्यापेक्षा लिहा : ‘शनिवार, रात्री 9 ते 11.30, वन-शॉट, 5 जागा, कॅरेक्टर तयार मिळेल, नवखे चालतील.’ वन-शॉट म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ. जागा पाच भरा, पण गोष्ट तिघांत पार पडेल अशी बांधा. ऐन वेळी एखाद-दुसरा गळतोच. कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचं पात्र, पहिल्या लेव्हलचं, एका पानात, मराठीत. नवख्याला पहिल्याच दिवशी कॅरेक्टर बनवायला बसवलं तर रात्र शीट भरण्यात जाते आणि पुढच्या शनिवारी तो फोन उचलत नाही.

दोन-तीन वन-शॉट खेळलेल्याला डीएमचा जोडीदार करा. राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसतील तो आकडा) आणि इनिशिएटिव्हचा क्रम (लढाईत कोणाची पाळी कधी) त्याने सांभाळायचा. मग त्याला स्वतःचा दोन तासांचा खेळ द्या : एक जागा, एक अडचण, तीन प्रसंग. दंडारीत किंवा कॉलेजच्या नाटकात काम केलेला कोणी ग्रुपात असेल तर आधी त्याला धरा.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी, म्हणजे मुख्य नियमांचा संच, जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन त्याचं मराठी भाषांतर बिनधास्त वाटता येतं. विकतच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मात्र ग्रुपवर येऊ देऊ नका. आणि लांबलचक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर सुरू करू नका. तेव्हापासून वेचणी उरकेपर्यंत वन-शॉटच बरे.

प्रश्न : रेंज येते-जाते, लाइनचा भरवसा नाही. अर्ध्या लढाईत आवाज तुटतो. (कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : व्हिडिओ बंदच ठेवा. डिस्कॉर्डच्या व्हॉइस चॅनलचा बिटरेट (आवाजाला दर सेकंदाला लागणारा डेटा) मुळात 64 केबीपीएस असतो. म्हणजे एक जण तासभर सलग बोलला तर साधारण 29 एमबी. चॅनलच्या सेटिंगमध्ये तो 32 वर आणा, बोलणं तरीही नीट कळतं. नकाशाचा फोटो दुपारीच पाठवून ठेवा. डीएमची लाइन गेली तर 15 मिनिटं थांबायचं आणि मग लेखी खेळायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या.

खरं तर तुमच्या भागात पूर्ण लेखी खेळच जास्त टिकेल. डीएम रोज रात्री एक पोस्ट टाकतो, प्रत्येकाने 24 तासांत उत्तर द्यायचं. कोणी गप्प राहिला तर त्याचं पात्र सोबत चालतं, स्वतःहून काही करत नाही. असे खेळ बहुतेक लढाईत मरतात. एकेकाची पाळी धरली की टॉवर बंद असलेल्या एका गावापायी पाच जण ताटकळतात. म्हणून खेळाडूंची सगळी बाजू एकच पाळी धरा. ज्याला जमेल त्याने आधी लिहावं. एक फेरी, एक दिवस.

प्रश्न : खेळाला लागणारा वीस बाजूंचा फासा इथे मिळत नाही. लुडोचे दोन फासे टाकले तर चालेल? (रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : नाही. दोन फाशांची बेरीज मधे गोळा होते : 36 पैकी 6 वेळा 7, पण 12 एकदाच. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखी, 5 टक्के संधी असते. 1 ते 10 च्या सारख्या घडीच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. एक चिठ्ठी काढा आणि लुडोचा एक फासा टाका. फाशावर 1 ते 3 आलं तर चिठ्ठीचा आकडा तसाच, 4 ते 6 आलं तर त्यात 10 मिळवा. चिठ्ठी दर वेळी परत टाकून डबा हलवा, नाहीतर उरलेले आकडे ओळखता येतात आणि भांडणं लागतात.