३०० किलोमीटर, एकट्याने, पायी: आखणी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हमरस्ता टाळून, शेताशिवारांतून आणि टेकड्यांवरून सुमारे ३०० किलोमीटर एकट्याने चालत जायचं आहे, सुट्टी १० दिवसांची आहे, रोज ३० किलोमीटर जमतील असं वाटतं, तर आखणी कशी करावी?

आधी नकोसं उत्तर देऊन टाकतो. १० दिवसांत ३०० बसणार नाहीत. एखाद्या दिवशी ३० किलोमीटर चालणं फार अवघड नसतं, सुट्टीच्या दिवशी हौसेने चालणारे कितीतरी आहेत. पण पाठीवर ओझं, अनोळखी वाट आणि लागोपाठ १० दिवस, मध्ये एकही विश्रांती नाही, हे प्रकरण निराळं. अंदाज यावा म्हणून दोन आकडे सांगतो. स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागो या पायी तीर्थयात्रेचा सगळ्यात प्रसिद्ध मार्ग साधारण ७८० किलोमीटरचा. तिथे जागोजाग दिशेच्या खुणा आहेत, मुक्कामाच्या जागा आहेत, तंबू वाहावा लागत नाही, तरी लोक ३० ते ३५ दिवस धरून निघतात. इंग्लंडमधला पेनाइन वे हा लांब पायी मार्ग १९६५ साली खुला झाला, लांबी सुमारे ४३१ किलोमीटर, आणि त्याला सहसा १६ ते १९ दिवस लागतात. दोन्हीकडे सरासरी दिवसाला २२ ते २७ अशी पडते. तुमच्या वाटेवर खुणा नाहीत, म्हणून मी २० धरेन. मग एकतर मार्ग २०० च्या आत आणा, नाहीतर सुट्टी वाढवा. दोन टप्प्यांत, दोन सुट्ट्यांत पूर्ण केलंत तरी कुणाचं काही बिघडत नाही.

एका दिवसाला किती वेळ लागेल हे काढायची जुनी रीत आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने ती १८९२ मध्ये मांडली: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वरून आणखी एक तास. म्हणजे २४ किलोमीटर आणि एकूण ६०० मीटर चढ असेल तर जेमतेम पावणेसहा तास. ऐकायला झकास वाटतं, पण यात थांबणं धरलेलंच नाही. पाठीवरची सॅक, नकाशा पाहायला थांबणं, मोजे बदलणं, चुकून दुसऱ्याच बांधावरून गेलेली अर्धी फर्लांग, वाटेत भेटलेल्या माणसाशी दोन शब्द, हे सगळं धरून मी त्याची दीडपट करतो. झाले पावणेनऊ तास. दुसरी गोम नकाशाच्या अंतराची. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, पण त्या दोन सेंटीमीटरमध्ये पायवाट घेते ती सगळी वळणं दिसत नाहीत. पट्टीने मोजून २० आले तर मी २३ समजतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण नकाशावर आधी रेघ ओढतात आणि मग तिचे सारखे तुकडे पाडतात. मी रेघ सगळ्यात शेवटी ओढतो. आधी रात्री कुठे काढता येतील त्या जागांची टिंबं देतो: छप्पर मिळेल किंवा परवानगीने तंबू टाकता येईल, आणि जवळ पाणी असेल अशा जागा. मग दुसऱ्या रंगाने मधली पाण्याची ठिकाणं. तिसऱ्या रंगाने वाहन मिळेल असा रस्ता मार्गाच्या जवळ कुठे कुठे येतो ते. त्यानंतर टिंबं जोडायची. प्रत्येक दिवसाला रात्रीची जागा, मध्यावर पाणी आणि बाहेर पडायची एक वाट, या तीन गोष्टी मिळाल्याच पाहिजेत. यातली एखादी मिळत नसेल तर तो दिवस छोटा करा, किंवा रेघच तिथून हलवा. अशाने दिवस सारखे येत नाहीत. एक १३ चा, एक २५ चा असंही होतं. होऊ द्या.

नदीपाशी घोडं पेंड खातं. समजा, सहाव्या दिवशी एक नदी आडवी आहे. नकाशात पायवाट अलीकडच्या काठाला येऊन थांबते आणि पलीकडच्या काठावरून तशीच पुढे निघते. मध्ये काहीच नाही. पूर्वी तिथे पायी ओलांडायचा उतार असेल, होडी असेल, किंवा फक्त उन्हाळ्यात पाय न भिजवता जाता येत असेल. जवळचा पूल चार किलोमीटर वर. तिथवर जाऊन पलीकडून परत यायचं म्हणजे आठ किलोमीटर, अर्ध्या दिवसाच्या जवळपास. आणि हे तुम्हाला कळणार काठावर उभं राहिल्यावर! म्हणून नकाशावरची प्रत्येक ठळक निळी रेघ शोधा, तिच्यावरचे पूल शोधा, आणि त्या भागातला मार्ग पुलापासून दोन्ही बाजूंना आखत या. वर धरण असेल तर तुमच्याकडे पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढू शकतं. ओढा पायी ओलांडायची वेळ आलीच तर सॅकचा कंबरपट्टा आधी सोडा, म्हणजे तोल गेला तर ओझं झटकन टाकता येतं. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर एकट्या माणसाने त्यात उतरू नये. थांबावं किंवा पुलाकडे वळावं. लोहमार्ग, कालवे आणि कुंपण घातलेले द्रुतगती मार्ग यांचंही हेच: ओलांडायच्या अधिकृत जागा मोजक्या असतात, त्या घरी बसूनच शोधून ठेवा.

जमीन कुणाची आहे हा प्रश्न देशागणिक बदलतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालायचा हक्क दिला आहे, स्वीडनमध्ये असा हक्क परंपरेनेच चालत आला आहे, इंग्लंड-वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदलेल्या असतात. इतर बऱ्याच ठिकाणी मालकाला विचारावं लागतं. जिथे जाणार तिथला नियम आधी वाचा. उभ्या पिकातून कुठेच जाऊ नका, बांधाच्या कडेने जा. फाटक जसं असेल तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून मालकाने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. मुक्कामाची परवानगी मात्र अंधार पडायच्या आत मागा. रात्री दार वाजवणाऱ्या अनोळखी माणसाला कुणी का हो म्हणावं?

फोनबद्दल थोडंच सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी काढलेला नकाशा २००४ पासून आहे आणि पायवाटांसाठी तो बऱ्याचदा कामाला येतो, पण कुठे भरगच्च तर कुठे कोरा. त्यातली तुटक रेघ उपग्रहाच्या चित्रावर ताडून पाहा. चित्रात वाट नांगरलेल्या शेतात गडप होत असेल तर ती बहुधा मोडली आहे. नकाशे आधीच उतरवून घ्या आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, फोन उपग्रहांचे संदेश फक्त झेलत असतो. तरीही कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असू द्या. आणि माणसांना विचारा, पण विचारायची पद्धत आहे. “ही वाट तिकडे जाते ना?” असं विचारलंत की भिडेखातर हो म्हणणारे खूप. “ही वाट कुठे निघते?” आणि “तुम्ही यंदा तिकडून गेला होता का?” असं विचारा. अंतर तासांत सांगितलं तर पायी की गाडीने हेही विचारून घ्या.

आता पाय. सामानाच्या याद्यांवर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात (कोणता तंबू किती ग्रॅमचा यावरचे व्हिडिओ संपता संपत नाहीत), आणि चालणं थांबतं ते टाचेवरच्या फोडामुळे. फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. ओल्या मोज्याला कातडी चिकटून राहते आणि आतलं हाड दर पावलाला पुढेमागे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. तेव्हा पाय कोरडे ठेवणं आणि ओढाताण कमी करणं, उपाय एवढाच. पहिल्या तासाभरात कुठे चटका लागल्यासारखं वाटलं तर पुढच्या झाडापर्यंत जाऊ असं म्हणू नका. तिथेच बसा, बूट काढा, पाय पुसा, कोपरे गोल कापलेली टेप सुरकुती न पडू देता लावा. चटका लागतो तेव्हा पाच मिनिटांत काम भागतं, फोड आल्यावर दोन दिवस जातात. दुपारच्या थांब्याला बूट-मोजे दोन्ही काढून पाय वाऱ्यावर धरा आणि दुसरा जोड घाला. ओला जोड सॅकला बाहेरून टांगा. सुती मोजे घाम धरून ठेवतात, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे बरे.

बूट संध्याकाळी विकत घ्या, दिवसभर चालून पाय फुगलेले असतात. जे मोजे घालणार तेच घालून मापा आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असं बघा. ती जागा नसली की लांब उतारावर अंगठे पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. उतार सुरू व्हायच्या आधी घोट्याजवळची नाडी घट्ट करायची, नखं निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापायची. फोड आलाच आणि दुखत नसेल तर त्याला हात लावू नका. मोठा, ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा आणि झाका. मधुमेह असेल तर मात्र हा उद्योग स्वतः करू नका, निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला.

ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, आणि ही झाली वरची मर्यादा. पाणी आणि खाणं भरून सॅक काट्यावर ठेवा, अंदाजाने उचलून पाहू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मधल्या पाण्याच्या जागा पक्क्या असल्या की ओझं आपोआप घटतं. चालताना तासाला अर्धा लिटर धरा, कडक उन्हात त्याच्या दुप्पटपर्यंत. पण दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि तेही धोक्याचं असतं. खारट खाणं आणि ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की जंतू मरतात, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा. शेतातली औषधं आणि खतं मात्र उकळूनही जात नाहीत. तेव्हा शेतीच्या भागात ओढा कितीही नितळ दिसला तरी वस्तीवरून पाणी मागून घ्या.

बाकीचे धोके भरभर सांगतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराच्या धारेवरून आणि एकट्या झाडाखालून निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर परतू नका. वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, काठी पुढे धरून सावकाश मागे सरा. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून रेबीजच्या लसीचं बघा. चालणं तिथेच थांबवायचं, यात तडजोड नाही. वासरू सोबत असलेल्या गायीला लांबून वळसा घाला. डांबरी रस्त्यावरून जावं लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा कडेने चाला. संध्याकाळी हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते पाहा. एक बोट म्हणजे साधारण पाव तास. चार बोटं उरली की मुक्कामाची जागा नजरेत हवी. विषुववृत्ताच्या जवळ तर सूर्य बुडाल्यावर संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो.

सराव करताना एका दिवसाच्या लांब चालण्यावर भरवसा ठेवू नका. शनिवार-रविवार दोन्ही दिवस, पूर्ण भरलेली सॅक घेऊन, १८-२० किलोमीटर चाला आणि सोमवारी सकाळी जिना उतरून पाहा. सोमवारी पुन्हा निघायची तयारी वाटली तर आकडा बरोबर आहे. कुरकुर वाटली तर आकडा कमी करा. प्रत्यक्ष प्रवासातही पहिले दोन दिवस १४-१५ च्या वर जाऊ नका आणि पाचव्या दिवसानंतर एक दिवस रिकामा सोडा. पावसाने किंवा गुडघ्याने खोळंबा केला तर तो दिवस कामी येतो.

एकटेच जाणार आहात, म्हणून टिंबांच्या नकाशाची एक प्रत घरी विश्वासाच्या माणसाकडे द्या. रोज रात्री निरोप कधीपर्यंत येईल, न आल्यास त्याने किती वाट पाहायची आणि मग कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. उदाहरणार्थ, रात्री ८ चा निरोप चुकला तर दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत थांबायचं, कारण तुम्ही नुसते नेटवर्कच्या बाहेर असू शकता. त्यानंतर शेवटच्या आणि पुढच्या मुक्कामाची नावं सांगून पोलिसांना कळवायचं. वाटेत मार्ग बदललात तर वळण्याआधी त्या माणसाला कळवा, नाहीतर शोधणारे भलत्याच टेकडीवर फिरत राहतील.