नाली आमच्या गल्लीत आलीच नाही, मग कर काहून?

प्रश्न: भाऊ नमस्कार. आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. आता नवीन मूल्यांकनाचा कागद आला तर घरपट्टी जवळपास दुप्पट दिसून राहिली, पाणीपट्टी दोन ठिकाणी लावली, सफाईचं वेगळं. नळ आहे, पण नवीन नाली वरच्या लेआउटपाशी येऊन थांबली, आमच्या गल्लीत आलीच नाही. शेजारी म्हणतात भरून टाका, कशाला वाद. काय करू?
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: भरून टाकायची घाई करू नका. आधी तो कागद नोटीस आहे की बिल ते पाहा, कारण सगळा खेळ तिथंच आहे. नगरपरिषद-नगरपंचायतींचा 1965 चा कायदा आहे, त्याच्या कलम 119 प्रमाणे आकारणीची यादी जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात आणि ज्याची आकारणी वाढली त्या मालकाला वेगळी नोटीस द्यावी लागते. नोटिशीत हरकतीची शेवटची तारीख असते. ती गेली की मग नुसतं चकरा मारणं उरतं, आणि आपल्याकडे लोक नेमके बिल आल्यावरच जागे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता नालीचं. सामान्य पाणीपट्टी, दिवाबत्ती, सर्वसाधारण सफाई हे कर साऱ्या गावावर बसतात, तुमच्या दारापुढून नाली जाते की नाही हे त्यात पाहत नाहीत. कडेच्या वस्तीवर हा अन्यायच आहे असं माझं मत आहे, पण निव्वळ त्या मुद्द्यावर हरकत टिकत नाही. दुसरी पाणीपट्टी म्हणजे विशेष पाणीपट्टी असेल, ती नळ असणाऱ्यालाच लागते, म्हणून दोन ओळी दिसल्या म्हणजे चूकच झाली असं नाही. मात्र मलनिःसारण कर, म्हणजे सांडपाण्याच्या नालीचा कर, अशी ओळ असेल तर सोडू नका, तो कर कोणत्या ठरावानं लावला आणि त्याची जाहीर सूचना कधी निघाली ते लेखी विचारा. उत्तर नाही दिलं तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाका, त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

हरकत खरी टिकते ती मोजमापावर. कर बसतो करयोग्य मूल्यावर, म्हणजे घराला वर्षाला जे वाजवी भाडं येऊ शकेल त्यातून 10 टक्के वजा करून जे उरतं त्यावर, मग तुम्ही भाड्यानं दिलं असो की स्वतः राहत असा. म्हणून मोजणीवाल्यानं काय लिहिलं ते ओळीओळीनं पाहा. कवेलूच्या घराला स्लॅब लिहिलं का, बैलांचा कोठा राहत्या खोलीत धरला का, समोरच्या खोलीत पूर्वी किराणा होता आणि आता बंद आहे तरी दुकान म्हणून लावलं का, चौरस फूट बरोबर आहेत का. फोटो काढा, जुन्या टॅक्सपावत्या जोडा, अर्ज देऊन आवक नंबर घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. पोराला पाठवलं अन् त्याला घरातलं काहीच सांगता आलं नाही तर उपयोग नाही. बिल आल्यावरही अपील आहे, पण मुदत थोडी असते आणि रक्कम आधी भरावी लागते.

प्रश्न: दादा, आमच्या गावात जलजीवनची (घरोघरी नळ देण्याच्या सरकारी योजनेची) टाकी झाली, आता घरामागं लोकवर्गणी मागून राहिले. आमच्या घरी स्वतःची बोअर आहे. वर्गणी द्यावीच लागते का? आणि नालीसाठीही मागतील का?
(एक वाचक ताई, वर्धा जिल्हा)

उत्तर: ताई, ही वर्गणी म्हणजे कर नाही, ती तुमच्या घराच्या किमतीवर बसत नाही. योजनेतच असं आहे की गावातल्या आतल्या कामाच्या खर्चाचा 10 टक्के वाटा गावानं उचलायचा, आणि डोंगराळ किंवा जंगलातली गावं असतील, किंवा अनुसूचित जाती-जमातीची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तर 5 टक्के. तो रोख, मजुरी किंवा साहित्य, कसाही देता येतो, म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही त्यानं खोदकामाला हात लावला तरी तो वाटाच झाला, हे गावात कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहून राहिलो. घरामागं किती हे ग्रामसभेत ठरलं का ते विचारा, ठरावाची नक्कल पाहा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. बोअर आहे म्हणून नळ घेतला नाही तरी सामान्य पाणीपट्टी लागू शकते, खाजगी नळाची पट्टी मात्र नळ घेतला तरच.

नालीसाठी वर्गणी मागितली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचे ग्रामसेवक) सरळ विचारा की पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेला, पैसा कुठं लावला. 2021 ते 2026 च्या त्या अनुदानात 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच लावायचे होते, त्यातले निम्मे स्वच्छतेला आणि निम्मे पिण्याच्या पाण्याला. गावाचा विकास आराखडा मागा, त्यात तुमची नाली कोणत्या वर्षात धरली ते दिसेल. धरलीच नसेल तर पुढच्या ग्रामसभेत चारपाच घरांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि तो प्रोसिडिंगमध्ये लिहून घेतला का ते तिथंच वाचून पाहा.