आप्पा, मेडिक्लेम महाग नाहीये, ती 'एफडी' महाग पडलीय

धरणगावच्या एका आप्पांचं पत्र आलंय. वय ६८, आयुष्यभर जिनिंगमध्ये मुनीम, काकू ६३. दोघांची मिळून ५ लाखांची मेडिक्लेम, ९ वर्षं, एकदाही खंड नाही. आता प्रश्न असा की हप्ता वाढत वाढत ४१,८०० वर गेलाय, बँकेतला मुलगा १० लाखांची नवी पॉलिसी २९,००० मध्ये देतो म्हणतोय, तर जुनी सोडून ती घेऊ का. रिन्युअलला १८ दिवस उरलेत.

नका घेऊ आप्पा. जुनी भरून टाका, उद्याच भरा, मग पुढचं वाचा.

आधी ती वाढ बघू. गेल्या वर्षी ३८,००० वर १८ टक्के जीएसटी धरून तुम्ही साधारण ४४,८०० भरले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटीच नाही, म्हणजे यंदा खिशातून ३,००० कमीच जाताय. आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाला विचारावं लागतं, जानेवारी २०२५ पासून. तुमची वाढ बरोब्बर १० टक्के आहे, मोजून मापून.

आता २९,००० ची गंमत. तुम्हीच लिहिलंय की काकूंचे गुडघे गेलेत, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलंय आणि लेक सुरतला आहे म्हणून तिकडंच करायचंय. नवीन पॉलिसीत गुडघ्याला वेटिंग, म्हणजे तेवढा काळ त्याचा क्लेम नाही, आणि तुमच्या शुगर-बीपीला वेगळं वेटिंग, तीन वर्षांपर्यंत लावता येतं त्यांना. शिवाय तुम्ही पाठवलेल्या कागदावर खाली बारीक अक्षरात २० टक्के को-पे आहे, म्हणजे दर बिलाचा पाचवा हिस्सा तुमचा. एका गुडघ्याला दोन-सव्वादोन लाख धरा. १३,००० वाचवायला सव्वादोन लाखाचा क्लेम सोडायचा, हा हिशोब तुम्ही जिनिंगच्या वहीत मांडला असता का? आणि ९ वर्षं झाल्यामुळं जुन्या पॉलिसीत कंपनी आता जुना आजार लपवला म्हणून क्लेम अडवू शकत नाही, सरळ फसवणूक सिद्ध झाली तरच. हे ५ वर्षं सलग भरल्यावर मिळतं. नवी घेतली की पाटी कोरी.

पोर्टिंगमध्ये, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेली तर, ही वर्षं सोबत येतात, पण त्याचा अर्ज रिन्युअलच्या ४५ दिवस आधी करायचा असतो, यंदा ती वेळ गेली. पुढच्या वर्षी बघू, तेव्हाही शुगर बघून नवीन कंपनी नाही म्हणू शकते, तो तिचा हक्क आहे.

इथपर्यंत तुमचं उत्तर झालं. पण पत्राच्या शेवटी एक ओळ सहज लिहून गेलात, 'तसा भरला असता हप्ता पण दिवाळीनंतर बँकेच्या एफडीचे २ लाख भरावे लागता म्हणून ओढाताण होते.'

अहो, एफडीला दरवर्षी हप्ता कधीपासून भरावा लागायला लागला?

तुम्ही पहिल्या पानाचा फोटो जोडलाय म्हणून बरं. ती एफडी नाहीये, ती जीवन विम्याची पॉलिसी आहे. २ लाख दरवर्षी, १० वर्षं, आणि बाराव्या वर्षाच्या शेवटी साडेसत्तावीस लाख, तेव्हा तुम्ही ७९ चे. ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब केला तर सव्वाचार टक्के पडतात. तेच पैसे साध्या साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकत गेला असता तर ३२ लाखांच्या वर गेले असते. आणि बँकेतल्या त्याच मुलानं 'टॅक्स वाचतो' म्हणून गळ्यात मारली, तुम्हाला टॅक्स लागतोच कुठं? पोस्टातले १५ लाख ८.२ टक्क्यांनी सव्वा लाखाच्या आत देतात, बाकीच्या एफडीचे पन्नासेक हजार, शेत बटाईनं दिलंय त्याचे साठ धरू, तेही कापूस बरा आला तर. सगळे मिळून २ लाख ३५ हजार. त्यातून २ लाखांचा हप्ता? म्हणून तर आतापर्यंतचे दोन्ही हप्ते एफडी मोडून भरलेत, १२ लाखांचे ८ झाले. अजून चार हप्ते निघतील त्यातून, मग बाहत्तराव्या वर्षी काय मोडणार, पोस्टातले?

त्याच फोटोत अजून एक बघा, वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलंय. तुम्ही सांगितलं होतं? आणि आता नव्या मेडिक्लेमच्या फॉर्मवर 'डायबिटीस आहे का' च्या पुढं 'नाही' वर टिक आहे, अकरा वर्षांची शुगर असताना. फॉर्म भरणारा तोच, तुम्ही फक्त खाली सही करताय. मला खरंच राग येतो अशा वेळी, आणि थोडा तुमच्यावरही, दुसऱ्याच्या वहीतला एक रुपया चुकू दिला नाही तुम्ही.

आता त्या जीवन विम्याचं करायचं काय. ३० दिवसांत परत करायची मुदत केव्हाच गेली. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली, म्हणजे मधेच बंद केली, तर किती आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर बाराव्या वर्षी किती. तुमची पॉलिसी नोव्हेंबर २०२४ ची, म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ पासूनचे सरेंडरचे नवे नियम तिला लागू, काहीतरी हातात येईलच. समजा ४ लाखांतले २ लाख बुडाले. जिवाला लागेल, मान्य. पण पुढचे १६ लाख अडकायचे वाचले. तिसरा हप्ता काही झालं तरी भरू नका.

सोबत तक्रार टाका, बँकेला आणि कंपनीला, लेखी. त्या मुलाचा 'सर एफडीसारखंच आहे, ८ टक्के गॅरंटीड' हा मेसेज फोनमध्ये आहे म्हणालात, तो जपून ठेवा, फोन बदलायच्या आधी नातवाकडून प्रिंट काढून घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. सगळे पैसे परत येतील अशी आशा मात्र धरू नका, आले तर बोनस समजा.

दोन वर्षांनी ७० झालात की आधारवर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढा, सरकारी मोफत उपचाराचं, ५ लाखांचं, मेडिक्लेम असली तरी मिळतं. काकूंना ७० होईपर्यंत नाही, म्हणून तेव्हाही जुनी पॉलिसी सोडायची नाही.

आणि सुरतच्या ऑपरेशनआधी एक फोन करा. काही पॉलिसींत छोट्या गावाचा हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतला की वेगळा को-पे कापतात, तुमच्यात आहे का ते विचारा. हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे का आणि रूमभाड्याला मर्यादा किती तेही त्याच फोनवर. भारीतली रूम घेतली तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरच्या फीपासून बऱ्याच गोष्टी त्याच प्रमाणात कापल्या जातात. लेकीला सांगून ठेवा, ती प्रेमानं डिलक्स बुक करेल.