दिवे लागतात, मग ब्रेक का लागत नाहीत?

प्रश्न : मी वाडीला राहतो आणि लग्नसमारंभांसाठी जनरेटर भाड्याने देतो. माझ्या पिकअपमागे विजेवर चालणाऱ्या ब्रेकचा दोनचाकी ट्रेलर आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर पेडल दाबले तरी ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत. उलट ट्रेलर मागून गाडीला रेटतो. मात्र गतिरोधकावर दणका बसला, की ते क्षणभर धरतात. ट्रेलरचे एलईडी दिवे व्यवस्थित लागतात आणि कंट्रोलरही (ट्रेलरच्या ब्रेकला वीज देणारे गाडीतील यंत्र) ट्रेलर जोडलेला असल्याचे दाखवतो. मिस्त्री कंट्रोलर बदलायला सांगतात. बदलावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : इतक्यात बदलू नये. दणक्याला ब्रेक धरतात, हा तपशील आपण कळवला हे फार बरे झाले, कारण त्यावरून संशय थेट अर्थिंगवर, म्हणजे वीज बॅटरीकडे परतण्याच्या वाटेवर जातो. चाकातील ब्रेक लावणाऱ्या प्रत्येक मॅग्नेटला सुमारे ३ अँपिअर, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास ६ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो. एलईडी दिव्यांचे काम त्याच्या अगदी लहानशा अंशात भागते. प्लगमधील अर्थची पिन पावसाळ्यात हिरवी पडली असेल, तर दिव्यांपुरता प्रवाह तिच्यातून जातो, पण ब्रेकचा प्रवाह हुकच्या ग्रीस लावलेल्या गोळ्यातून वाट शोधतो आणि धक्का बसून लोखंडाला लोखंड टेकले की तेवढ्यापुरते ब्रेक लागतात.

खात्रीसाठी चाकांना उटी (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावून ट्रेलरचा प्लग काढावा, जॅकवर एक चाक उचलून हाताने फिरवावे आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी सुरक्षा-पिन क्षणभर ओढावी. चाक जखडले, तर मॅग्नेट, ट्रेलरची बॅटरी व तिकडचे वायरिंग शाबूत आहे असे समजावे. मात्र ही बॅटरी ट्रेलरच्याच चेसिसला अर्थ केलेली असल्यामुळे गाडी आणि ट्रेलर यांच्यामधील अर्थची परीक्षा या चाचणीत होत नाही, आणि अनेक मिस्त्री नेमके इथेच फसतात. म्हणून प्लग पुन्हा जोडून गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून ट्रेलरच्या खरवडलेल्या चेसिसपर्यंत एक जाड वायर तात्पुरती जोडावी आणि कंट्रोलरची हाताची कळ पूर्ण दाबावी. आता ब्रेक लागले, तर दोष अर्थचाच; पिना घासून स्वच्छ कराव्यात आणि ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर टाकावी.

तरीही लागले नाहीत, तर गाडीच्या सॉकेटमधील ब्रेक व अर्थच्या पिनांना हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब जोडून कळ दाबावी. नुसत्या मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले, तरी भार पडताच ते कोसळू शकतात. बल्ब मिणमिणला की लपलेला दोष उघडा पडतो. कळीने ब्रेक लागतात पण पेडलने नाही, असे असेल तर ब्रेक-लाइटच्या स्विचकडून कंट्रोलरला येणारी वायर तपासावी. सुरक्षा-पिन ओढूनही चाक फिरत राहिले, तर आधी ट्रेलरची बॅटरी, मग अॅक्सलजवळ घासलेली वायर आणि शेवटी ड्रम उघडून पाहावा. सील गळून लायनरवर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या अस्तरावर) ग्रीस आले असेल, तर पुसून भागत नाही, लायनरच बदलावे लागतात.

दुरुस्तीनंतर कंट्रोलरचे गेन, म्हणजे ब्रेकचा जोर ठरवणारे सेटिंग, आधी खाली आणावे. ब्रेक लागेनात म्हणून ते बहुधा कोणीतरी शेवटपर्यंत वाढवून ठेवले असेल, आणि अर्थ सुधारल्यावर पहिल्याच पेडलला रिकाम्या ट्रेलरची चाके जाम होऊन घसरतील.