ऑगस्टा खरंच अवघड झालं?

प्रश्न : अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलचा गोल्फ कोर्स (जिथे मास्टर्स ही मोठी स्पर्धा होते) सारखा लांबवतात. मग तो पूर्वीपेक्षा अवघड झाला का?

उत्तर : लांबीवर जाऊ नका. १९९७ मध्ये टायगर वुड्स १८ अंडरने (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १८ कमी) मास्टर्स जिंकला तेव्हा कोर्स ६,९२५ यार्डांचा होता. २०२४ मध्ये ७,५५५. तरी सर्वांत कमी फटक्यांचा विक्रम मोडला तो २०२० मध्ये, लांबलेल्या कोर्सवरच : डस्टिन जॉन्सन, २० अंडर. कोविडमुळे स्पर्धा एप्रिलऐवजी नोव्हेंबरात झाली, पावसाने ग्रीन (खळग्याभोवतीची आखूड गवताची हिरवळ) मऊ होती, चेंडू पडेल तिथेच थांबत होता. (रात्री जागून बघणाऱ्या मला ते फार सोपं वाटलं!) माझ्या मते खरी मेख १९८१ च्या मास्टर्सआधी बसली : ग्रीनवरचं बर्म्युडा गवत जाऊन बेंटग्रास हे दुसरं गवत आलं आणि ग्रीन भलतीच वेगवान झाली, म्हणजे चेंडू झरझर घरंगळू लागला. २०२३ मध्ये तेराव्या होलला (कोर्सच्या १८ टप्प्यांपैकी एक) ३५ यार्ड जोडले, ते मात्र योग्यच.