जे येतं, तेच इंग्रजीत

मागच्या अंकात मी सुचवलं होतं की इंग्रजीची सुरुवात गोष्टी-कवितांबरोबरच सोप्या गणित-विज्ञानातूनही करून पाहा. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देते आहे.

ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यमात. बेरीज-वजाबाकी तोंडी पटापट करतो, पण इंग्रजीचं पुस्तक काढलं की गप्प. माझंही इंग्रजी बेताचंच. घरी सुरुवात नेमकी कुठून करू?
*एक आई*

त्याला जे गणित अगदी सहज येतं, तिथून. हे आधी सांगते, कारण बहुतेक घरांत उलटं चालतं. नवा धडा आणि नवी भाषा दोन्ही एकदम पुढ्यात येतात. मूल अडलं की ते गणितात अडलंय की इंग्रजीत, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. शाळेत भागाकार चालू असेल, तर घरी इंग्रजीसाठी बेरीजच घ्या. बेरजेचं उत्तर त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांवर राहतं.

बेरीजच का, याला आणखी एक कारण आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘पाच आणि तीन मिळून आठ होतात’, असं आपण बोलतो. पण वहीतलं गणित वाचताना म्हणतो, ‘पाच अधिक तीन बरोबर आठ’. इथे ‘बरोबर’ मधे आलं आणि आठ शेवटी गेले. ‘फाइव्ह प्लस थ्री इज एट’ याचा क्रम हाच आहे. इंग्रजी वाक्याची जी ठेवण मुलांना सगळ्यात परकी वाटते, ती तुमच्या मुलाच्या जिभेवर आधीपासून बसलेली आहे! समीकरण हे मुळात वाक्यच असतं. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ मध्ये दोन समांतर रेघांचं बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा छापलं, तेव्हा ‘इज इक्वल टू’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळायचा आहे, असंच कारण दिलं होतं. त्यानं वाक्याचं चिन्ह केलं. आपण चिन्हाचं पुन्हा वाक्य करायचं.

कागदावर मोठ्या अक्षरात ५ + ३ = ८ लिहा. चिन्हांखालून बोट फिरवत एकेक शब्द म्हणा, मग त्याला म्हणू द्या. सरावलं की एक आकडा हातानं झाका आणि विचारा, ‘फाइव्ह प्लस व्हॉट इज एट?’ तो ‘थ्री’ म्हणेल. मग झाकण्याचं काम त्याला द्या आणि उत्तर तुम्ही द्या. हे टाळू नका. आपली मुलं वर्षानुवर्षं इंग्रजीत फक्त उत्तरं देतात, प्रश्न विचारायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

पुढची पायरी तुलनेची. ‘सेव्हन इज ग्रेटर दॅन फोर’ हे जमलं की दोन पेन्सिली पट्टीवर मोजायला लावा. ‘धिस पेन्सिल इज लाँगर दॅन दॅट पेन्सिल.’ आकड्यांमधून बाहेर पडून तो वस्तूंबद्दल बोलायला लागला, आणि वाक्याचा सांगाडा तोच राहिला.

एका जागी मात्र जपा. ‘थ्री इज लेस दॅन एट’ म्हणजे तीन आठपेक्षा लहान आहेत. ‘थ्री लेस दॅन एट’ म्हणजे आठपेक्षा तीन कमी, म्हणजे पाच. फरक एवढ्याशा ‘इज’चा आहे. दोन्ही एकाच दिवशी शिकवू नका.

तुमच्या इंग्रजीचं म्हणाल, तर वीसपर्यंतचे आकडे, प्लस, मायनस, इज, ग्रेटर, लेस, व्हॉट आणि हाउ मेनी एवढ्या शिदोरीवर पुष्कळ दिवस निघतील. त्याच्या शेजारी बसून तुम्हीही म्हणा.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. विज्ञानातले इंग्रजी शब्द मुलं धडाधड पाठ करतात. रूट, स्टेम, लीफ सगळं येतं, पण एकही वाक्य बोलत नाहीत.
*एक शिक्षिका*

आपण नावंच विचारतो, म्हणून नावंच पाठ होतात. वाक्य यायला काहीतरी घडावं लागतं. म्हणून झाडाच्या चित्राऐवजी पाण्याचं भांडं घ्या. सोबत थोडे खडे, वाळलेली पानं, एक नाणं, प्लास्टिकचं झाकण आणि क्लेचा गोळा. टेक, पुट, फ्लोट, सिंक ही चार क्रियापदं कृती करून दाखवा, अर्थ सांगू नका.

‘टेक अ स्टोन. पुट द स्टोन इन द वॉटर.’ मराठीत ‘अ’ आणि ‘द’ अशी चीज नाही, त्यामुळे कितीही नियम सांगितले तरी मुलांच्या वाक्यांतून ती गळतात. इथे नियम डोळ्यांसमोर असतो. ढिगातला कुठलाही एक खडा उचलायचा, तेव्हा ‘अ’. हातात आलेला तोच खडा पाण्यात टाकायचा, तेव्हा ‘द’. ढीग मोठा ठेवा, म्हणजे ‘कुठलाही एक’ हे आपोआप कळतं.

आता खडा टाकण्याआधी थांबा. हात पाण्यावर तसाच धरून विचारा, ‘विल इट फ्लोट ऑर सिंक?’ प्रत्येकाकडून अंदाज घ्या. ‘आय थिंक इट विल सिंक.’ या क्षणी मुलांना खरंच काहीतरी म्हणायचं असतं, आणि मागच्या बाकावरचं मूलही बोलतं. मग खडा सोडा. ‘इट सँक.’ सगळ्या वस्तू झाल्या की निष्कर्ष: ‘स्टोन्स सिंक. ड्राय लीव्ह्ज फ्लोट.’ आधी काय होईल, मग काय झालं आणि शेवटी नेहमी काय होतं, अशी तीन रूपं एका खड्यातून निघाली. काळांचा तक्ता फळ्यावर लिहायची गरजच पडली नाही. एखादं चौकस मूल विचारेल, सगळेच दगड बुडतात का? त्याला शाबासकी द्या. प्यूमिस हा ज्वालामुखीतून तयार होणारा सच्छिद्र दगड पाण्यावर तरंगतो. म्हणून वाक्य सुधारायचं: ‘मोस्ट स्टोन्स सिंक.’ ‘मोस्ट’ हा शब्द इतक्या चोख कारणानं शिकायला क्वचित मिळतो.

क्ले शेवटी. गोळा बुडतो. तोच क्ले थापून होडीसारखा खोलगट केला की तरंगतो. वर्गातून ‘का?’ आलंच पाहिजे, आणि ते मराठीत येईल. येऊ द्या. कारणही मराठीतच समजावा: होडी जास्त पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिला वर ढकलायला पुरं पडतं. सगळ्यांना पटलं की मग दोनच वाक्यं इंग्रजीत घ्या. ‘द बॉल सिंक्स. द बोट फ्लोट्स बिकॉज इट पुशेस मोअर वॉटर.’

एखादा ‘इट सिंक्ड’ म्हणाला तर थांबवू नका. ‘येस, इट सँक’ म्हणा आणि पुढची वस्तू उचला. प्रयोग चालू असताना चूक दाखवली की मूल पाण्याकडे बघायचं सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

पुढच्या आठवड्यात पाणी उकळण्याचा तास घेता येईल, फक्त भांड्याजवळ तुम्हीच राहा. ‘वॉटर इज बॉइलिंग ॲट हंड्रेड डिग्रीज’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. खरं तर हा फरक मराठीत आपल्याला छान येतो. समोरचं पाणी उकळतंय, पण पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. ‘उकळतंय’ला ‘इज बॉइलिंग’ आणि ‘उकळतं’ला ‘बॉइल्स’. दोन्ही मराठी वाक्यं आधी म्हणून घ्या. (१०० अंश हे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. उंच डोंगरावर पाणी त्याआधीच उकळतं. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा.)

साठीनंतर इंग्रजी शिकतो आहे. कुणी आकडा सांगितला की थर्टीन आणि थर्टीत घोटाळा होतो, आणि सत्तेचाळीस कधी ७४ लिहिले जातात.
*एक आजोबा*

काका, दोन अडचणी वेगळ्या आहेत. ‘थर्टी’त जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘थर्टीन’मध्ये ‘टीन’ लांबतं आणि जोरही तिथे येतो. पण भरभर बोलण्यात हा फरक पुसट होतो, म्हणून सरळ विचारा, ‘वन-थ्री ऑर थ्री-झिरो?’ असं विचारण्यात काहीच कमीपणा नाही.

दुसरी अडचण क्रमाची. सत्तेचाळीसमध्ये आपण सात आधी म्हणतो, ‘फॉर्टी-सेव्हन’मध्ये चार आधी. ऐकलेला आकडा मनात मराठीत वळवला की अदलाबदल होते. वळवूच नका, ‘फॉर्टी’ ऐकताच हातानं ४ लिहा आणि पुढचं ऐका. सरावासाठी नऊचा पाढा उत्तम. त्यात १८ आणि ८१, २७ आणि ७२, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४ अशा उलटसुलट जोड्याच आहेत. कुणाला तरी इंग्रजीत ओळीनं वाचायला सांगा आणि लिहीत जा. पाढा तुम्हाला पाठ असल्यामुळे चूक तुमची तुम्हालाच सापडेल. जमलं की क्रम मोडून वाचायला सांगा.

घरी मराठी बंद केली तर मुलगी लवकर शिकेल का?
*एक वडील*

नाही. कृपा करून बंद करू नका. बाष्पीभवन म्हणजे काय हे तिला मराठीत कळलं असेल, तर इंग्रजीत तिला फक्त शब्द नवा घ्यायचा आहे, कल्पना नाही. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. दुसऱ्या भाषेत बोलण्याची सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्याचं म्हणणं. तेही ती भाषा आजूबाजूला सतत बोलली जात असताना. एवढा काळ तिनं विचार कशात करायचा? तिला जी भाषा पुरती येते, तीतच.

मी पाचवीत आहे. इंग्रजीतली शाब्दिक उदाहरणं वाचली की बेरीज करायची की वजाबाकी तेच कळत नाही. ‘मोअर’ आलं की बेरीज करायची, असं मैत्रीण म्हणते.
*एक विद्यार्थिनी*

मैत्रिणीचा नियम सोडून दे, तो तुला फसवेल. हे बघ: ‘मीना हॅज ट्वेल्व्ह पेन्सिल्स. शी हॅज फाइव्ह मोअर दॅन राजू. हाउ मेनी पेन्सिल्स डझ राजू हॅव?’ यात ‘मोअर’ आहे, पण उत्तर सात आहे, सतरा नाही. पाच जास्त आहेत ते मीनाकडे, आणि विचारलंय राजूबद्दल.

म्हणून आधी आकड्यांवर झडप घालू नकोस. शेवटचा प्रश्न वाच, कोणाबद्दल विचारलंय त्या नावाखाली रेघ मार. मग दोन आडव्या पट्ट्या काढ, एक मीनाची, एक राजूची. कोणाची लांब, हे वाक्यातून शोध. चित्र झालं की बेरीज की वजाबाकी हे तुला दिसेलच.

आणि रोज एक उदाहरण तूच इंग्रजीत तयार कर, त्यात ‘मोअर दॅन’ किंवा ‘फ्यूअर दॅन’ वापर आणि मैत्रिणीला सोडवायला दे. तिचं उत्तर चुकलं तर दोघी मिळून पट्ट्या काढून बघा.